‘बोलतो तसंच लिहायचं’ ठरवलं, तर फोनला ते कळेल का?

इंग्रजीचं स्पेलिंग पाठ करताना प्रत्येकाला एकदा तरी वाटलेलं असतं, की हे लोक बोलतात तसं लिहीत का नाहीत? ‘नाइट’ म्हणजे सरदार. उच्चार साधा ‘नाइट’, पण लिहिताना सुरुवातीला ‘के’ आणि मधे ‘जी-एच’. ‘नो’ म्हणजे माहीत असणे, तिथेही सुरुवातीला न बोलणारा ‘के’. मग कोणीतरी म्हणतंच, ‘आपली मराठी बघा. बोलतो तशी लिहितो!’

मी गणेशपुरीत राहते. भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीकाठचं, गरम पाण्याच्या कुंडांमुळे लोकांना माहीत असलेलं हे गाव. आजूबाजूच्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं, यादीत नाव शोधून देणं, फोनमध्ये मराठी कीबोर्ड चालू करून देणं ही कामं माझ्याकडे येत असतात. त्यामुळे सांगते, मराठीलाही स्पेलिंग असतं. आपण त्याला शुद्धलेखन म्हणतो एवढंच. आणि ते स्पेलिंग चुकलं की मास्तरांपेक्षा कडक वागतो तो फोन.

या लेखात तीन प्रश्न बघू. स्पेलिंग उच्चाराप्रमाणे करायचा प्रयत्न कोणी केला का? मराठीत तो कुठवर आला? आणि तुमच्या फोनमध्ये या सगळ्याने नेमकं काय अडतं?

इंग्रजीवाल्यांनी प्रयत्न केला होता

आधी ते न बोलणारे ‘के’ आणि ‘जी-एच’ आले कुठून ते पाहू. एके काळी ही अक्षरं खरोखर उच्चारली जायची. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, पण त्याच काळात लोकांचे उच्चार बदलत होते. बोलणं पुढे गेलं आणि कागद मागे राहिला. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग हा बऱ्याच अंशी जुन्या उच्चाराचा फोटो आहे.

अमेरिकेत नोआ वेबस्टर यांनी सोप्या स्पेलिंगची बाजू घेतली आणि १८२८ च्या आपल्या शब्दकोशात त्यातलं बरंच काही वापरलं. ‘कलर’मधला ‘यू’ गेला, ‘सेंटर’च्या शेवटचं ‘आर-ई’ उलटून ‘ई-आर’ झालं. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये इंग्रजीसाठी ‘यूएस’ आणि ‘यूके’ असे वेगळे पर्याय दिसतात, त्यामागे हाही इतिहास आहे.

पुढचा मोठा प्रयत्न १९०६ चा. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशावर एक मंडळ स्थापन झालं आणि त्याने सोप्या स्पेलिंगच्या ३०० शब्दांची यादी काढली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला हीच स्पेलिंग वापरायला सांगितली. वर्तमानपत्रांनी टिंगल केली, संसदेने विरोध केला आणि त्याच वर्षी रूझवेल्ट यांना माघार घ्यावी लागली. देशाच्या राष्ट्राध्यक्षालाही ३०० शब्द बदलता आले नाहीत.

असं का झालं? लोक हट्टी असतात, हे एक कारण. पण खरं अवघड कारण वेगळं आहे. उच्चाराप्रमाणे लिहायचं, तर उच्चार कोणाचा? ‘कार’ म्हणताना आपण शेवटचा ‘र’ स्पष्ट म्हणतो, न्यूयॉर्कचे बरेच लोक तो गिळतात, शिकागोचे म्हणतात आणि लंडनचे बहुतेक जण म्हणत नाहीत. एकाच्या कानाप्रमाणे स्पेलिंग केलं, की ते दुसऱ्यासाठी पुन्हा अवघडच. हा प्रश्न लक्षात ठेवा, तो मराठीतही येणार आहे.

मराठी खरंच बोलतो तशी लिहितो का?

थोडी परीक्षा घेऊ. पुढचे शब्द मोठ्याने म्हणा.

‘गणेशपुरी’. लिहिताना ‘श’ पूर्ण आहे, बोलताना आपण ‘गणेश्पुरी’ म्हणतो. ‘करतो’ लिहितो, ‘कर्तो’ म्हणतो. शब्दातला कुठला ‘अ’ गिळायचा हे कोणी शिकवलेलं नसतं, लहानपणी कानाने कळतं. पण मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ॲपला कान नसतो. त्याला हे वेगळं शिकवावं लागतं, आणि ते नीट शिकवलेलं नसेल तर ते एकेक अक्षर सुटं करून वाचतं.

‘जग’. ‘सारं जग’ म्हणताना जीभ वेगळी लागते आणि ‘सुखाने जग’ म्हणताना वेगळी. अक्षर तेच, उच्चार दोन. ‘च’चंही तसंच, ‘चहा’ आणि ‘चाक’ म्हणून बघा.

‘विषय’. पोटफोड्या ‘ष’ आणि शहामृगातला ‘श’ आता बहुतेक जण सारखाच म्हणतात. ‘ऋतू’ला ‘रुतू’ म्हणतात. ‘ज्ञान’मध्ये ‘ज’ आणि ‘ञ’ आहेत, आपण ‘द्न्यान’ म्हणतो.

म्हणजे मराठीचं लेखन इंग्रजीपेक्षा उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे हे खरं, पण तंतोतंत नाही. आणि तंतोतंत करायचं म्हटलं तर ‘गणेश्पुरी’, ‘कर्तो’, ‘विशय’ असं लिहावं लागेल. वाचून कसं वाटलं? डोळ्याला खुपलं ना? आपण वाचताना अक्षर अक्षर जोडत नाही, शब्दाचा पूर्ण चेहरा ओळखतो. चेहरा बदलला की अडखळतो.

मराठीने ही सुधारणा केलीसुद्धा आहे

आपल्या भाषेत स्पेलिंग सुधारणा झाली, आणि ती टिकली. घरात पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं एखादं मराठी पुस्तक असेल तर उघडून पाहा. ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे शब्द दिसतील. यातले बरेचसे अनुस्वार कधीतरी नाकातून उच्चारले जात, नंतर बोलण्यातून गेले, पण कागदावर राहिले. इंग्रजीतल्या मुक्या ‘के’सारखेच.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे १४ नियम महाराष्ट्र सरकारने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चार आले आणि एकूण १८ झाले. आज शाळेत आणि सरकारी कामात हेच नियम चालतात. त्यांनी हे न बोलणारे अनुस्वार काढून टाकले. ‘गाव’, ‘नाव’, ‘काही’, ‘नाही’ हे आपल्याला आता इतकं सरळ वाटतं, की कधी वेगळं होतं यावर विश्वास बसत नाही. ‘असं’, ‘केलं’, ‘म्हटलं’ अशी बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी लिहायलाही या नियमांनी परवानगी दिली. हा लेख तुम्ही ज्या मराठीत वाचताय, ती त्याच वाटेने पुढे आलेली आहे.

आता ज्याला सगळे घाबरतात ते ऱ्हस्व-दीर्घ. त्यातला मोठा भागही उच्चारावरच बेतलेला आहे. ‘फूल’ म्हणा, मग ‘फुलाला’ म्हणा. ‘वीट’ म्हणा, मग ‘विटेला’ म्हणा. पहिल्या शब्दात स्वर लांबतो, दुसऱ्यात आखडतो. नियम तेवढंच सांगतो. मराठी शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, आणि शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर आधीचा ऱ्हस्व. म्हणून ‘नागपूर’, ‘सोलापूर’, ‘तारापूर’ यांत ‘पू’ मोठा, आणि ‘गणेशपुरी’त ‘पु’ छोटा. ‘पुर’ हा मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्व आहे आणि हिंदीत आजही ‘नागपुर’ लिहितात. मराठीने मात्र गावांच्या नावांत कान ऐकला आणि ‘नागपूर’ केलं.

मग घोळ कुठे आहे? घोळ आहे संस्कृतमधून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा. त्यांना व्याकरणात तत्सम म्हणतात. ‘गुण’, ‘विष’, ‘मंदिर’, ‘मधुर’ हे बोलताना आपण ‘गूण’, ‘वीष’, ‘मंदीर’, ‘मधूर’ असेच लांबवतो, पण लिहायचे ऱ्हस्व, कारण संस्कृतात ते ऱ्हस्व आहेत. उलट तत्सम शब्दाच्या अगदी शेवटी वेलांटी किंवा उकार आला तर तो मराठीप्रमाणे दीर्घ करायचा: ‘कवी’, ‘बुद्धी’, ‘विष्णू’. आणि तोच शब्द समासात पुढे आला की पुन्हा ऱ्हस्व: ‘बुद्धिबळ’, ‘विष्णुपुराण’.

म्हणजे एकाच भाषेत दोन कायदे. कुठल्या शब्दाला कुठला कायदा लावायचा हे ठरवायला तो शब्द संस्कृतातून आला की नाही हे माहीत हवं. नववीतल्या मुलाला ते कसं माहीत असणार? ‘बोलतो तसं लिहूया’ ही मागणी मराठीत जोरात येते ती याच ठिकाणी, आणि माझ्या मते तिच्यात दम आहे.

फोनला वेलांटी कशी दिसते?

आता फोनकडे येऊ. आपल्याला अक्षर दिसतं, फोनला आकडा दिसतो. जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एक ठरलेला क्रमांक देण्याच्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक २३६७, दीर्घ वेलांटीचा २३६८. ऱ्हस्व उकार २३६९, दीर्घ उकार २३७०. अनुस्वार २३०६.

‘गणेशपुरी’ हा शब्द फोनसाठी आठ आकड्यांची माळ आहे: ग, ण, एक मात्रा, श, प, ऱ्हस्व उकार, र, दीर्घ वेलांटी. कोणी ‘गणेशपूरी’ लिहिलं तर सहावा मणी २३६९ ऐवजी २३७० होतो. माणसाला हे एकच गाव आहे हे पाहताक्षणी कळतं. साध्या शोधाच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या माळा आहेत, जशा ‘वाडा’ आणि ‘वाडी’. मोठी सर्च इंजिनं असे फरक बऱ्याचदा सांभाळून घेतात. पण नोट्समधला शोध, एक्सेलची यादी, पीडीएफमधली शोधपेटी, एखाद्या छोट्या साइटचा डेटाबेस यांच्याकडून तशी अपेक्षा करू नका.

कधी तर डोळ्यालाही फरक दिसत नाही. ‘ॲप’ हाच शब्द घ्या. त्यातलं पहिलं अक्षर तीन तऱ्हांनी टाइप होतं. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर, क्रमांक २४१८. किंवा ‘अ’ आणि वरचा चंद्र वेगवेगळे जोडून, क्रमांक २३०९ आणि २३७३, कधी मधे न दिसणारं जोडचिन्ह. किंवा हिंदी पद्धतीचं ‘ऍ’, क्रमांक २३१७. महाराष्ट्र सरकारने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला जाहीर केली, तेव्हा त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ घेतले. तरीही तिन्ही तऱ्हा वापरात आहेत. बोलायला एकच उच्चार, दिसायला जवळपास एकच शब्द, फोनला तीन.

एका वेलांटीवर, एका उकारावर काय अडतं?

आता एक खरं काम सांगते. गावातल्या एका आजोबांचं नाव एका ऑनलाइन यादीत शोधायचं होतं. घरात सगळे ‘विष्णू’ लिहितात, नियमानेही ‘विष्णू’च बरोबर. शोधपेटीत टाकलं, उत्तर आलं: नोंद सापडली नाही. आजोबा म्हणाले, ‘म्हणजे माझं नाव काढलं का गं?’ त्यांचा चेहरा उतरला होता. मग ‘विष्णु’ टाकलं. लगेच सापडलं. जुन्या कागदावर संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व उकार होता, तो तसाच कंप्युटरमध्ये चढवला गेला होता.

इथे कोणाचंच चुकलेलं नव्हतं. जुन्या कागदाने जुन्या पद्धतीने लिहिलं, आम्ही नव्या नियमाने लिहिलं. पण मधला शोध इतका कडक होता, की एका उकारासाठी त्याने जिवंत माणसाला ‘सापडत नाही’ म्हटलं. मी शेजारी नसते तर आजोबा तसेच घरी गेले असते.

स्पेलिंग सुधारणेवर बोलताना ही किंमत कोणी मोजत नाही. नियम एका दिवसात बदलतो. जुन्या नोंदी, जुनी पुस्तकं, दाखले, दगडावरची नावं बदलत नाहीत. पूर्वी ती वाचणारा माणूस असायचा, तो समजून घ्यायचा. आता पहिलं वाचन यंत्र करतं.

नियम नसले तर काय होतं, हे तुमच्या चॅटमध्येच आहे

काही जण म्हणतील, मग नियमच नकोत, ज्याला जसं ऐकू येतं तसं त्याने लिहावं. हा प्रयोग तुम्ही रोज करताच आहात. इंग्रजी अक्षरांत मराठी चॅटिंग म्हणजे दुसरं काय? तिथे शुद्धलेखन नाही, मास्तर नाहीत, गुण कापले जात नाहीत. प्रत्येक जण स्वतःच्या कानाने लिहितो.

मग एक करून बघा. मागच्या महिन्यात मित्राने ‘उद्या’ कुठे भेटायचं ते कळवलं होतं, तो मेसेज शोधा. त्याने ‘यू-डी-वाय-ए’ लिहिलं होतं, की शेवटी दोन ‘ए’, की मधे दोन ‘डी’? ‘पाणी’ शोधायचं तर ‘पी-ए-एन-आय’ की ‘पी-ए-ए-एन-आय’? तो मेसेज आला त्या दिवशी तुम्हाला बरोबर कळला होता, कारण मागचा-पुढचा संदर्भ होता. महिन्याभराने शोधताना संदर्भ गेला, उरल्या फक्त आकड्यांच्या माळा.

शिवाय ‘के-ए-एल’ म्हणजे काल, काळ, कळ की कल? इंग्रजी अक्षरांत ‘ल’ आणि ‘ळ’ एक होतात, ‘न’ आणि ‘ण’ एक होतात. गावात बाहेरदेशचे पाहुणे येतात, ते इंग्रजी पाटी वाचून ‘गनेशपुरी’ म्हणतात. त्यांची चूक नाही, पाटीवर ‘ण’ लिहायला अक्षरच नाही.

म्हणून ‘ज्याला जसं ऐकू येतं तसं’ हे आजच्या गप्पांना पुरतं, उद्याच्या शोधाला पुरत नाही.

आणि मराठीत तरी उच्चार कोणाचा?

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला प्रश्न. आमच्या भागात आगरी, कातकरी, वारली, कुणबी अशा अनेक समाजांची बोलणी कानावर पडतात. प्रमाण मराठीतला ‘डोळा’ आगरीत ‘डोला’ होतो, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. तिकडे वऱ्हाडीत तोच डोळा ‘डोया’ होतो. यातला कुठलाच उच्चार चुकीचा नाही. प्रत्येक बोलीचं स्वतःचं व्याकरण आहे, स्वतःची गाणी आहेत, आणि बोलीत लिहिताना ते तसंच लिहावं.

पण सगळ्यांनी मिळून वाचायचा मजकूर उच्चाराप्रमाणे लिहायचा ठरवला, तर एका डोळ्याची तीन स्पेलिंग होतील. आणि एकाच कोणाच्या उच्चाराला मान दिला, तर बाकीच्यांना पुन्हा पाठच करावं लागेल, वर ‘तुमचं बोलणं अशुद्ध’ हेही ऐकावं लागेल. मला वाटतं लेखनाचा खरा उपयोग इथे आहे. ते कोणाच्या तोंडाची हुबेहूब नक्कल नसतं, म्हणूनच सगळ्यांना मधे भेटायला जागा मिळते. ‘डोळा’ हे अक्षर बघून आगरी मुलगी ‘डोला’ म्हणेल, अकोल्याचा मुलगा ‘डोया’ म्हणेल, आणि दोघंही एकच पान वाचतील.

नियम सैल करायचा की शोध?

इथे अमेरिकेचीच एक जुनी युक्ती कामाला येते. तिथे आडनावांचा मोठा घोळ होता. ‘स्मिथ’ कोणी ‘आय’ने लिहितं, कोणी ‘वाय’ने. लोकांना आडनाव बदला म्हणून सांगता येत नाही. मग १९१८ मध्ये रॉबर्ट रसेल यांनी एका पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे ती ‘साउंडेक्स’ नावाने ओळखली गेली आणि जनगणनेच्या नोंदींत नावं शोधायला वापरली गेली.

युक्ती साधी आहे. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, पुढचे स्वर सोडून द्यायचे, आणि जवळपासच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. दोन्ही प्रकारच्या ‘स्मिथ’चा कोड येतो ‘एस-५३०’. शोधताना नाव जुळवायचं नाही, कोड जुळवायचा. मूळ नोंदीला हात लागत नाही.

मराठीसाठी असंच काम याहून सोपं आहे. शोधापुरती एक लपलेली प्रत बनवायची. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या एक मानायच्या, ऱ्हस्व-दीर्घ उकार एक मानायचे, ‘ॲ’च्या तिन्ही तऱ्हा एक मानायच्या, ‘गांव’सारखे जुने अनुस्वारही सांभाळून घ्यायचे. मग ‘विष्णु’ टाका नाहीतर ‘विष्णू’, आजोबा सापडणारच. पडद्यावर मात्र नोंद जशी होती तशीच दिसेल.

याला एक किंमत आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘शिर’ म्हणजे डोकं आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. असा शोध या जोड्या एकत्र दाखवेल. पण यादीत दोन नावं जास्तीची दिसली तर माणूस डोळ्याने निवडतो. एकही दिसलं नाही तर तो घरी जातो.

म्हणून माझं मत असं आहे. सगळं लेखन उच्चाराप्रमाणे करायला मी तयार नाही. तत्सम शब्दांचा वेगळा कायदा सोपा करावा, यावर मात्र गंभीरपणे बोलायला हवं, कारण १९६२ ने दाखवलंय की मराठी असा बदल पचवू शकते. पण क्रम महत्त्वाचा. आधी यंत्राला दोन्ही रूपं ओळखायला शिकवा, मग नियमाला हात लावा. उलट केलं तर प्रत्येक सुधारणेनंतर जुन्या नोंदींतली माणसं अशीच हरवत राहतील.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

१. यादीत नाव सापडलं नाही तर घाबरू नका. वेलांटी आणि उकार बदलून दोन्ही रूपांनी शोधा. अनुस्वार घालून-काढूनही बघा. ‘ॲ’ असेल तर तिन्ही तऱ्हा वापरा.

२. पहिलं नाव वेलांटी-उकाराचं असेल तर आडनावाने किंवा गावाच्या नावाने शोधून पाहा. ‘पवार’, ‘कदम’, ‘जाधव’ अशा नावांत ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच येत नाही.

३. फॉर्म भरताना नाव ‘बरोबर’ लिहायला जाऊ नका. मूळ कागदावर जसं आहे तसं लिहा. ‘दिप्ती’ हे नियमाने चूक असेल, पण सगळ्या दाखल्यांवर तेच असेल तर फॉर्मवरही तेच हवं. बदलायचंच असेल तर ते रीतसर, सगळीकडे एकदम.

४. कीबोर्ड सुचवतो तो शब्द डोळे झाकून घेऊ नका. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की ऱ्हस्व की दीर्घ हे तुम्ही सांगतच नाही, कीबोर्ड अंदाज करतो. तो अंदाज कधी हिंदीकडेही झुकतो आणि ‘नागपूर’चं ‘नागपुर’ होतं.

५. नेहमी लागणारी नावं फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात एकदा नीट घालून ठेवा. सेटिंगमध्ये भाषा आणि कीबोर्डच्या विभागात हा पर्याय मिळतो. घरातल्या सगळ्यांची नावं आणि गावाचं नाव एवढं केलं तरी पुष्कळ.

६. तुमच्यापैकी कोणी कोडिंग शिकत असेल, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असेल, तर मराठी नावांचा सैल शोध करून बघा. सुरुवात चार बदल्यांच्या एका छोट्या फंक्शनने होते: २३६८ ला २३६७ माना, २३७० ला २३६९ माना, ‘ऍ’ आणि ‘अ’-चंद्राच्या जोडीला २४१८ माना, मधलं न दिसणारं जोडचिन्ह काढून टाका. आपल्या गावातल्या नावांची यादी घ्या, आजी-आजोबांच्या कागदांवरची रूपं टाकून बघा, किती जण सापडतात ते मोजा. अनुस्वारांचं काय करायचं, हा त्यातला खरा अवघड भाग. ‘गांव’मधला टिंब काढला तर चालतो, ‘भिवंडी’तला काढला तर गावच हरवतं. तो तुमच्यासाठी सोडते.